हिरवे कासव आणि हिरवे शैवल

(भिलाई येथील मराठी वाचकांपुढे केलेले भाषण)



सागरी जीवांवरील पुस्तकाचे भाषांतर करताना दोन नावे वारंवार भेटतात : हिरवे शैवल आणि हिरवे कासव. विशेषण एकच, पण त्याचा अर्थ दोन्हीकडे सारखा नाही. समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या आपणांस हे जीव बव्हंशी नावांवरूनच ओळखावयाचे असतात. म्हणून या विशेषणाची थोडी चौकशी करणे अगत्याचे आहे.

प्रथम शैवल घेऊ. तलावाच्या पायऱ्यांवरील शेवाळ, येथील हिंदीतील ‘काई’, आपल्या परिचयाचे आहे. उल्व्हा हे हिरवे शैवल समुद्रातील खडकांना चिकटून वाढते. त्याचे पाते अवघ्या दोन पेशींच्या जाडीचे असते. त्याला खरी मुळे नसतात, फुलेही येत नाहीत. हरितद्रव्याच्या साहाय्याने ते सूर्यप्रकाशात आपले अन्न स्वतः तयार करते. हिरवेपणा हेच त्याच्या जगण्याचे साधन होय.

कासवाचे तसे नाही. लिनीयसने 1758 मध्ये ज्याची शास्त्रीय नोंद केली, त्या हिरव्या कासवाची पाठ बहुधा तपकिरी किंवा काळपट असते. हिरवी असते ती त्याच्या अंगातील चरबी. प्रौढ कासवे मुख्यतः सागरी गवत व शैवले खातात. चरबीचा रंग या आहारामुळे येतो, असे मानले जाते. शैवलाचा हिरवेपणा स्वतःचा, कासवाचा उसना.

परंतु चरबीचा रंग दिसतो केव्हा? कासव कापल्यावरच. अठराव्या शतकात इंग्लंडमधील मेजवान्यांत या कासवाच्या सूपला मोठा मान होता आणि त्यासाठी जिवंत कासवे जहाजांतून तेथे नेली जात. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालण्यास येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवाला त्याच्या पाठीच्या रंगावरून नाव मिळाले. हिरव्या कासवाच्या नावामागे मात्र सुरी आहे. लक्षद्वीप, अंदमान व गुजरातच्या किनाऱ्यांवर ते अंडी घालते. आज वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये त्याची शिकार हा गुन्हा आहे.

मग भाषांतरकाराने काय करावे? रूढ नाव बदलू नये. बदलल्यास वाचकाला ते अन्य ग्रंथांत सापडणार नाही. मात्र पहिल्या उल्लेखाबरोबर खुलाशाचे एक वाक्य अवश्य द्यावे. अन्यथा वाचक हिरव्या पाठीचे कासव कल्पील, आणि ज्या नावात एका प्राण्याच्या संहाराची साक्ष आहे, ते त्याच्या लेखी केवळ रंगाचे नाव ठरेल.