परदेशी निघालेल्या कुटुंबाचे रजिस्टर
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

एक सहशिक्षक, बी. ए., बी. एड.



मला बोलण्यासाठी ‘शिक्षण आणि समाज’ असा भला मोठा विषय दिलेला आहे. एवढ्या मोठ्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी वर्गशिक्षक आहे. शाळेच्या कचेरीत जे डोळ्यांसमोर येते तेवढेच मला नीट ठाऊक. म्हणून गेल्या पावसाळ्यातील एक हकिगत सांगतो. तिच्यात शिक्षणही आहे आणि समाजही आहे.

जुलै महिन्यात आपल्याच तालुक्यातील एक भाभी कचेरीत आल्या. त्यांचे यजमान नऊ वर्षांपासून शारजाला एसी दुरुस्तीच्या कामावर आहेत. आता पगार वाढला, राहावयास जागा मिळाली, आणि कुटुंबाला तिकडे नेण्याचा योग जुळून आला. संयुक्त अरब अमिरातीत कुटुंबाचा व्हिसा काढावयाचा तर महिना किमान ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० दिरहम पगार आणि राहण्याची जागा, अशी अट २०१९ पासून आहे. ती अट आता पुरी होत होती. मुले तीन. मुलगी नववीत, मुलगा सहावीत, धाकटा दुसरीत. दिवाळीच्या सुट्टीत निघावयाचे म्हणून तिकिटांची चौकशीही झालेली होती. भाभी म्हणाल्या, “सर, तिघांचे दाखले देऊन टाका, एवढंच काम राहिलंय.”

मी म्हटले, “देतो भाभी, पण आधी रजिस्टर पाहू.”

रजिस्टर उघडले आणि दोघेही गप्प झालो. थोरलीच्या नोंदीत वडिलांच्या नावाआधी ‘शेख’ होते. मधल्याच्या नोंदीत तेच ‘शेख’ आडनाव म्हणून शेवटी गेलेले. धाकट्याच्या नोंदीत शेख नाहीच, आजोबांचे नाव आडनावाच्या जागी बसलेले. आईचे नाव एका ठिकाणी माहेरचे, दुसऱ्या ठिकाणी निकाहनंतर सासरी पडलेले. इंग्रजी स्पेलिंगचे तर बोलूच नका. एका घरात शेख तीन तऱ्हांनी लिहिलेले. आपल्या गावात यामुळे कोणाचे काही अडत नाही. शेख म्हणजे शेख. परंतु परदेशातील खिडकीवर बसलेल्या कारकुनास या घराचा इतिहास ठाऊक नसतो. त्याच्यापुढे तीन मुले तीन वेगवेगळ्या बापांची उभी राहतात.

आणि जन्मतारीख! दोघांची १ जून. आपण हसलात, पण ज्यांची जन्मतारीख १ जून आहे त्यांनी हात वर करावा असे म्हटले, तर या मांडवात निम्मे हात वर होतील. माझाही होईल. शाळेत घालण्याच्या वेळी सहा वर्षे पुरी दिसावीत म्हणून गुरुजींनी जी तारीख टाकली ती जन्मभराची झाली. माझी अम्मी म्हणते, तू ऐन थंडीत झालास. पण कागदापुढे अम्मीचे काय चालणार?

येथे पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मूल शाळेत शिकत आहे तोपर्यंत नोंदीतील चूक पुराव्यासह दुरुस्त करून घेता येते. मुख्याध्यापक प्रस्ताव पाठवितात व शिक्षणाधिकारी मंजुरी देतात. एकदा दाखला हातात घेऊन मूल शाळेबाहेर पडले की तीच दुरुस्ती डोंगराएवढी होते. शिवाय जन्मदाखला. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्मदाखलाच चालतो. आधी जन्मलेल्यांस शाळेच्या दाखल्याचा आधार अद्याप आहे, पण म्हणूनच तो दाखला बिनचूक हवा. आणखी एक. २०२३ साली जिल्ह्याचे नाव उस्मानाबादचे धाराशिव झाले. बापाच्या पासपोर्टवर एक नाव आणि मुलाच्या दाखल्यावर दुसरे, असे आता घरोघरी होणार. घाबरण्याचे कारण नाही. नामांतराच्या शासकीय अधिसूचनेची एक प्रत कागदांत ठेवावी, म्हणजे कोणी विचारले तर दाखविता येते.

नावांचा प्रश्न तीन महिन्यांत सुटला. खरा प्रश्न नववीतल्या मुलीचा होता.

तिकडील भारतीय शाळांपैकी बऱ्याच शाळा सीबीएसईच्या आहेत व अमिरातीत त्यांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. आपले सुरू होते जूनमध्ये. म्हणजे दिवाळीत गेलेली मुलगी तेथील निम्म्याहून अधिक वर्ष संपल्यावर वर्गात बसणार. बरे, नववी येथे संपवून जावे म्हटले, तर सीबीएसईत दहावीची नोंदणी नववीपासूनच होते. थेट दहावीत प्रवेश सहजी मिळत नाही. त्यात ही मुलगी हुशार. तिला डॉक्टर व्हावयाचे आहे. आपल्या राज्यातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात, आणि त्या कोट्यासाठी दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागते. तिकडे दहावी केली की हा दरवाजा बंद. मग नीटमध्ये गुण कितीही चांगले मिळोत, अखिल भारतीय १५ टक्क्यांची किंवा लाखो रुपये शुल्काची वाट धरावी लागते. हे सर्व मी भाभींना सांगितले, तेव्हा त्यांनी तेथूनच यजमानांना फोन लावला.

ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “सर, आपले म्हणणे बरोबर आहे. पण धाकटा माझ्याकडे आला की मामा म्हणतो मला. दर सुट्टीला नव्याने ओळख करून द्यावी लागते.”

बंधूंनो, यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. सल्ला देणे शिक्षकाला सोपे असते. तो संध्याकाळी आपल्या मुलांत जाऊन जेवतो.

तरीही आखाताच्या बाबतीत एक गोष्ट आपण विसरतो. तेथे जाणे म्हणजे लंडन-अमेरिकेला जाऊन स्थायिक होणे नव्हे. तेथील राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी संपली की कुटुंबाचे बिऱ्हाडही उठते. हा येण्याजाण्याचा रस्ता आपल्याला नवा नाही. रत्नागिरी-रायगडकडील आपले बांधव पूर्वी मुंबईहून बोटीने तिकडे जात. १९५९ साली तर आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रुपयाच्या नोटा काढल्या होत्या आणि १९६६ पर्यंत दुबईच्या बाजारात रुपयाच चाले. त्याही आधी उलट्या दिशेने हद्रमौतहून अरब शिपाई निजामाच्या चाकरीत आले. मराठवाड्यातील चाऊस मंडळी त्यांचेच वंशज. त्यांची मुले आज आपल्या वर्गात मराठीचा धडा घडाघडा वाचतात.

पण ते शिपाई येथे राहिले. आपली माणसे तेथून परत येतात. सौदी अरबस्तानात जुलै २०१७ पासून कुटुंबातील प्रत्येक माणसामागे दरमहा १०० रियाल शुल्क सुरू झाले. ते वर्षागणिक वाढत २०२० साली ४०० वर गेले. पत्नी आणि तीन मुले असतील तर महिन्याला १,६०० रियाल, वर्षाला १९,२००. केवळ कुटुंब जवळ ठेवल्याबद्दल! अनेकांनी बायका-मुलांना परत पाठविले. अशी दोन मुले माझ्या वर्गात मध्येच येऊन बसली होती. इंग्रजी उत्तम, अरबीही येई. परंतु मराठीची बाराखडी ठाऊक नव्हती. सातवीतला मुलगा पहिलीच्या पुस्तकावर मान खाली घालून बसे. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, हे तिकडे असताना त्या घरात कोणाच्या ध्यानी आले नव्हते. म्हणून जे जात आहेत त्यांनी सामानात मराठीची पुस्तके न्यावीत. लोणच्याच्या बरणीइतकी जागा पुरते.

विद्यार्थी मित्रांनो, आता थोडे तुमच्यासाठी. दहावी नापास होऊन ‘मी दुबईला जाणार’ म्हणणारे दोन-तीन तरी दरवर्षी मला भेटतात. १९८३ च्या स्थलांतर कायद्याप्रमाणे दहावी उत्तीर्ण नसलेल्याला आखातासह १८ देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची मंजुरी घ्यावी लागते. दहावी उत्तीर्णाला ती लागत नाही. ही अट मजुराच्या रक्षणासाठी आहे, पण तिला वळसा घालून देतो म्हणणारे भेटतात आणि पोरे फसतात. नोंदणी असलेल्या एजंटाला ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक घेता येत नाही. माझ्या मामूंनी १९९७ साली एका एजंटाला एक एकर जमीन विकून पैसे दिले. व्हिसा आला नाही. पासपोर्ट तीन वर्षांनी मिळाला, जमीन गेली ती गेलीच. मामू आठवी शिकलेले होते. कागद वाचावयास दुसऱ्याकडे जात, आणि तो दुसरा एजंटाचाच माणूस होता.

त्या कुटुंबाचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. दिवाळीत सगळे शारजाला गेले, परंतु भेटीच्या व्हिसावर, आणि सुट्टी संपताच परत आले. मुलीची दहावी येथेच व्हावयाची, असे ठरले आहे. त्यानंतर आई दोन्ही मुलांना घेऊन जाणार आणि मुलगी अकरावी-बारावीसाठी दादीजवळ राहणार. दादीचे वय झालेले आहे, हीच एक धास्ती. धाकटा आता फोनवर अब्बा म्हणतो, असे भाभी सांगत होत्या.

आपला फार वेळ घेतला. आजच्या कार्यक्रमासाठी मुख्याध्यापकांच्या परवानगीने जनरल रजिस्टर कचेरीतील टेबलावर काढून ठेवलेले आहे. चहापान झाल्यावर ज्यांना आपल्या मुलाची नोंद पाहावयाची असेल त्यांनी यावे. मी पाच वाजेपर्यंत तेथे बसलेलो आहे. येताना आधार कार्ड आणि जन्मदाखला असेल तर बरोबर आणावा.