हलव्याला काटा कधी येतो?

(निगडीतील एका शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील प्रमुख पाहुण्यांचे भाषण)

पडद्यामागे दाढीमिशा चिकटवून मघापासून ताटकळलेल्या माझ्या बालमित्रांनो,

मगाशी तुम्ही मला शाल आणि श्रीफळ दिलंत. नारळ हातात आला आणि माझ्या डोक्यात काय आलं, खरं सांगू? याला हलव्यानं मढवायचं तर दाणे किती लागतील! हसू नका, आमच्या धंद्यात हा रोग सगळ्यांनाच असतो. संक्रांत तीन आठवड्यांवर आली आहे. ज्यांच्या घरी नवा जावई आहे त्यांची मला फोनाफोनी सुरू झाली आहे, त्यामुळे नारळ दिसला की बोटं शिवशिवतात.

ताईंनी माझी ओळख 'केक आर्टिस्ट' अशी करून दिली. आमच्या यमुनानगरात मी 'केकवाल्या काकू' आहे, आणि ते मला जास्त चालतं. मला आज ज्या कामासाठी इथं बोलावलंत, ते मी मुळात केकवर शिकलेच नाही. ते मी एका परातीत शिकले.

ती परात आजीची. पितळेची, कल्हई केलेली. संक्रांतीच्या आधी आठ-दहा दिवस आजी कोळशाची शेगडी पेटवायची, निखाऱ्यांवर राखेचा थर द्यायची म्हणजे आच मंद राहील, आणि परातीत मूठभर पांढरे तीळ टाकायची. शेजारी पातेल्यात एकतारी पाक. साखर उकळताना त्यात दुधाचे चार थेंब टाकायचे, मळी वर येते, ती काढून टाकायची. मळी राहिली तर हलवा पांढरा होत नाही. मग चमचाभर पाक तिळावर सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ परातभर फिरवत राहायचं. गोल, गोल, गोल. ओले तीळ एकमेकांना चिकटतात, ते सोडवायचे. पाक वाळला की दाण्यांचा आवाज बदलतो. आधी चिकट, मुका आवाज असतो, मग पत्र्यावर वाळू पडावी तसा खळखळतो. तो ऐकला की दुसरा चमचा. दिवसभरात असे पंधरा-वीस चमचे, आणि संध्याकाळी तीळ जरासा गोंडस झालेला, बस्स. पहिल्या दिवशी काटा नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मी आठ-नऊ वर्षांची होते. तिसऱ्या दिवशी मी कंटाळले आणि आजी दाराशी कोणाशी तरी बोलत होती तेवढ्यात चमच्याऐवजी पळीभर पाक ओतला. म्हटलं, तीन दिवसांचं काम एका दिवसात. क्षणात सगळ्या तिळांचा एक गोळा झाला, तिळाच्या लाडवासारखा. आजीनं रागावणं वगैरे काही केलं नाही. तो गोळा तिनं पाण्यात टाकला, साखर विरघळवली, तीळ गाळून फडक्यावर वाळत घातले आणि म्हणाली, "उद्या पहिल्यापासून." पाक वाया गेला नाही. माझे तीन दिवस गेले.

काटा का येतो, हे मला पुढे कळलं. वाळताना साखरेचा नवा कण आधीच्या कणाला धरून बसतो. पाक थोडा थोडा पडला, आच मंद राहिली आणि हवा कोरडी असली, तर दाण्यावर टेंगळं उठतात आणि त्या टेंगळांचेच पुढे काटे होतात. पाक एकदम पडला की सगळं लिंपून सपाट होतं. आणि हवा दमट असली तर वाळतच नाही. म्हणून आभाळ आलेलं असलं की आजी परात खालीच काढायची नाही. आम्ही विचारलं की म्हणायची, "आज हवा नाही." हलव्याच्या पाककृती तुम्हाला ढिगानं मिळतील, त्यात तीळ किती आणि साखर किती हे असतं. "आज हवा नाही" हे कुठं लिहिलेलं नसतं.

आजीनं आयुष्यभर हलव्याचे दागिने केले. ठुशी, तन्मणी, बाजूबंद, कंबरपट्टा, बोरन्हाणासाठी बाळाचा मुकुट आणि बासरी. सुईनं दाणा ओवायचा म्हणजे काटा मोडता कामा नये. गल्लीतल्या निम्म्या सुनांची पहिली संक्रांत काळ्या साडीवर तिच्या दागिन्यांनी सजली. पण तिला कुणी कधी कलाकार म्हटल्याचं मला आठवत नाही. "आजींना वेळ असतो" असं म्हणायचे. हे मला अजून खुपतं, म्हणून इतक्या वर्षांनी माइक हातात आल्यावर सांगून टाकलं.

आता वडील. ते भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये डायमेकर होते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी एमआयडीसीचा गुरुवार ठाऊक असेल. सगळं जग रविवारी सुट्टी घेतं आणि आपल्याकडचे कामगार गुरुवारी. मी केकवरची नक्षी शिकायला लागले तेव्हा चांगले नोझल मिळणं अवघड होतं, मिळाले तर परवडत नव्हते. एका गुरुवारी वडिलांनी पत्र्याचा तुकडा घेतला, त्याचा कोन वळवला, झाळ न लावता नुसती घडी दाबून शिवण बसवली, आणि त्रिकोणी कानशीनं तोंडाला पाच दात पाडले. मी त्यातून क्रीमचं फूल काढलं तर ते एका बाजूला कललं. मला वाटलं, माझा हात वाकडा. वडिलांनी चष्मा लावून नोझल उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, "एक दात खोल गेलाय." दोनदा कानस फिरवली, फूल सरळ आलं. पुढं पाकळ्यांच्या कडा पातळ करायला लागणारं बॉल टूलही त्यांनीच करून दिलं, स्टीलच्या दांडीला बेअरिंगची नवी कोरी गोळी बसवून. बाजारातली तीन हत्यारं माझ्याकडं आहेत, पण मोगऱ्याच्या पाकळीला मी अजून तेच घेते.

शिकवायला होत्या पिंपरीच्या एक काकू. फार कडक. पहिला महिनाभर त्यांनी मला केकच दाखवला नाही. स्टीलची थाळी पालथी घालायची आणि तिच्या पाठीवर आयसिंगच्या रेघा ओढायच्या. सरळ, मग कमानी, मग ठिपके. झालं की खरवडून परत पिशवीत भरायचं. रेघ थाळीला टेकवून ओढली तर ती थरथरते. हात वर उचलायचा, रेघ हवेत लोंबू द्यायची आणि हव्या त्या जागी अलगद ठेवायची. दाब सोडायचा तो रेघ संपण्याच्या किंचित आधी, नाहीतर शेवटी शेपूट येते. आज मी वर्ग घेते, त्यातल्या मुली हे पंधरा दिवसांत शिकतात. मला महिना लागला. माझ्या रेघेला शेपूट फार यायची.

हे जे कडक वाळणारं आयसिंग, त्याला रॉयल आयसिंग म्हणतात. पिठीसाखर आणि अंड्याचा पांढरा बलक फेटून करतात. 1840 मध्ये इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या लग्नाच्या केकवर ते होतं, त्यावरून त्याला 'रॉयल' नाव पडलं असं सांगतात. वाळलं की प्लास्टरसारखं होतं. जाळी, कमानी, झुंबरं, सगळं त्यातून उभं करता येतं. आपल्याकडे अडचण एकच, अंडं. निम्मी गिऱ्हाइकं दारातच विचारतात, "काकू, एगलेस ना?"

ही अडचण सोडवली ती आपल्या पुण्यातल्याच एका बाईंनी, प्राची धबल देब यांनी. त्या आधी फायनान्समध्ये नोकरी करत होत्या. पुढे इंग्लंडला जाऊन त्या एडी स्पेन्स यांच्याकडे शिकल्या. ब्रिटिश राजघराण्याचे केक सजवणारे ते हे गृहस्थ. परत आल्यावर प्राचीताईंनी अंड्याशिवायचं, वीगन रॉयल आयसिंग तयार केलं आणि त्यातून 2022 मध्ये इटलीतल्या मिलानच्या कॅथेड्रलची प्रतिकृती उभी केली. 100 किलो वजन, 6 फुटांहून जास्त लांबी, सुमारे 1500 तुकडे. लंडनच्या वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्सनं तिची नोंद घेतली. तिचे फोटो बघताना लोक म्हणतात, "केवढं मोठं!" मी कमानींच्या टोकांकडे बघते. एकालाही शेपूट नाही.

आता माझी फजिती. जुलै महिना, धो धो पाऊस, एका गृहस्थांची एकसष्टी. मी तीन मजली केक केला आणि त्यावर गम पेस्टचे गुलाब आणि मोगरा. गम पेस्ट म्हणजे पिठीसाखरेच्या कणकेत सीएमसी नावाची डिंकासारखी पूड घालतात, मग ती कागदासारखी पातळ लाटता येते आणि वाळून कडक होते. फुलं दोन दिवस वाळवली होती, टकटक वाजत होती. पण केकवर बटरक्रीम, ते वितळू नये म्हणून मी फुलांसकट केक रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी भक्ती-शक्ती चौकातून गाडी नेताना प्रत्येक खड्ड्याला माझा जीव वर-खाली. हॉलवर पोचलो तेव्हा सगळं शाबूत होतं. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. थंड गिलासाला बाहेरून पाणी सुटतं ना, तसं तासाभरात फुलांना सुटलं. पाकळ्या हळूहळू माना टाकायला लागल्या. यजमानबाई अगदी कौतुकानं म्हणाल्या, "किती खरी वाटतात हो फुलं! कोमेजलीसुद्धा!"

घरी आले आणि आजीचा आवाज ऐकू आला, आज हवा नाही. तेव्हापासून पावसाळ्यात मी फुलं केकबरोबर फ्रिजमध्ये ठेवत नाही, वेगळ्या हवाबंद डब्यात नेते आणि समारंभाच्या अर्धा तास आधी बसवते. आणि हो, फुलांची तार कधीही थेट केकात खुपसायची नाही. छोटी नळी खोचायची, तार तिच्यात. केक पोटात जाणार आहे, तार नाही.

नववी-दहावीच्या मुलांना एक गंमत सांगते. आजी पाक अंगठा आणि तर्जनीत धरून तार बघायची, माझ्याकडे थर्मामीटर आहे. दोघी एकच गोष्ट मोजतो, पाकात पाणी किती उरलंय. पाणी आटेल तसा पाक जास्त तापमानाला उकळतो. 115 अंश सेल्सिअसच्या आसपास आला की थंड पाण्यात त्याची मऊ गोळी होते, 150च्या आसपास तोच पाक काचेसारखा कडक होऊन तडकतो. ओढून चकचकीत रिबिनी करतात त्या या दुसऱ्या पाकाच्या. हा प्रयोग घरी मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय करायचा नाही, कारण तो पाक हाताला चिकटला तर कातडी घेऊन निघतो. आणि 'कँडी' हा शब्द कुठून आला विचारा तुमच्या सरांना. आपल्या 'खंड'वरून! साखरेचा खडा. शब्द फिरून आला आणि आता रॅपरमध्ये बसून पाच रुपयांना मिळतो.

मुलांनो, मी मुलग्यांशी बोलतेय. कोपऱ्यातल्या त्या दोघांनी मगाशी "हे मुलींचं काम" असं काहीतरी म्हटलं, मला ऐकू आलं. पाडव्याच्या साखरगाठी कोण करतं, बघितलंय? भट्टीवर पुरुषच असतात. लाकडी साच्यात दोरा ताणायचा, पाक कढईच्या काठावर घोटून पांढरा करायचा आणि थिजायच्या आत साच्यात ओतायचा. तिथं एक मिनिट उशीर चालत नाही. माझ्या वर्गात सध्या एक मुलगा आहे, दिवसा चाकणला कंपनीत शिफ्ट करतो. त्याचा हात सगळ्यांत स्थिर. आयटीआयमध्ये 'बेकर अँड कन्फेक्शनर' नावाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, हे पालकांनीही लक्षात ठेवा. आणि ज्या आया घरातून केक विकतात किंवा विकायचं म्हणतात, त्यांनी आधी एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या. चमकीच्या डबीवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ 'खाण्यायोग्य' असा होत नाही, तेही बघा. "अर्ध्या किलोला एवढे पैसे?" असं जे विचारतील त्यांना वजन सांगू नका, तास सांगा.

तुमचं नाटक खोळंबलंय, मला दिसतंय. पडद्याखालून तीन जोडी पाय केव्हाचे चुळबुळ करताहेत.

येताना मी दोन डबे आणलेत. एकात मशीनवरचा, बाजारातला हलवा. दुसऱ्यात याच आठवड्यात माझ्या हातानं केलेला, आजीच्याच परातीत. सोमवारी आभाळ होतं, त्या दिवसाचे दाणेही मी काढून टाकले नाहीत, त्यातच आहेत. सपाट, बोथट. ते शोधून काढा. डबे मागच्या रांगेपासून सुरू करा हो सर, पुढच्यांना नेहमीच आधी मिळतं. आणि लाल स्वेटरवाल्या दादा, मूठ नाही. एक दाणा. आधी जिभेवर नुसता ठेव, चावू नकोस.