आपल्यात बसणारा माणूस



प्रास्ताविक लांबवत नाही. परतीच्या गाडीची काळजी तुमच्याइतकीच मलाही आहे.

उद्योजकांच्या आणि मनुष्यबळ विभागांच्या आपल्या या मेळाव्यातल्या सकाळच्या परिसंवादात जवळजवळ प्रत्येक वक्त्याने सांगितलं की काम शिकवता येतं, पण 'कल्चर फिट', म्हणजे आपल्यात बसणारा, माणूस मुलाखतीतच ओळखावा लागतो. मान्य. आपण तो ओळखतो कसा, एवढंच मला विचारायचं आहे. आपल्याकडच्या मुलाखतीत पहिले तीन प्रश्न ठरलेले असतात. राहायला कुठे? मूळ गाव कुठलं? घरी कोण कोण असतं? समोर मुलगी असेल तर चौथा, लग्नाचं काय ठरलंय? ठाण्यातला नौपाडा म्हटलं की साहेबांचा चेहरा खुलतो. दिवा म्हटलं की लगेच, 'येणं-जाणं जमेल ना?' अहो, दिवा ठाण्याहून तिसरं स्टेशन! सकाळी तिथे गाडीत शिरणं मुश्कील, हे खरंच आहे. पण जो रोज शिरतो आणि वेळेवर पोचतो, त्याच्या चिकाटीची आणखी कसली परीक्षा घ्यायची?

हे नवं नाही. मुंबईच्या गिरणगावात जॉबर, म्हणजे माणसं भरणारा मुकादम, आपल्या गावची, आपल्या नात्यातली माणसं खात्यात लावायचा. तो उघड वशिला होता. आपला वशिला फॉर्मवर गुण देऊन चालतो. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले होते. फरक फक्त नावांत. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना मुलाखतीची बोलावणी कमी आली. हा अभ्यास 2007 साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त छापून आला. त्या कंपन्यांतल्या कोणाला आपण भेदभाव केला असं वाटलंही नसेल. 'आपल्यात बसेल असा वाटला नाही' एवढंच वाटलं असेल.

उलट उदाहरण घ्या. किर्लोस्कर कारखान्याचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बढतीची वेळ आली तेव्हा ती एका अँग्लो-इंडियनाला मिळाली. लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला गेले, सायकलींच्या दुकानात रमले, पुढे नांगर ओतू लागले. 1910 साली औंधच्या राजांनी दिलेल्या कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर त्यांनी कारखाना हलवला, तेव्हा बरोबर घेतलेली माणसं बघा. अनंतराव फळणीकर शाळा सोडलेले, ते कल्पक इंजिनिअर झाले. के. के. कुलकर्णी परीक्षेत नापास झालेले आणि खोडकर म्हणून प्रसिद्ध, ते व्यवस्थापक झाले. आणि त्या माळावर वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या रखवालीला दरोड्याची शिक्षा भोगलेले दोघे. आज आपल्यापैकी कोणाच्याही पॅनेलपुढे ही मंडळी बसली असती तर चहा येण्याआधी बाहेर पडली असती.

मात्र किर्लोस्करवाडीचे गोडवे गाऊन आपलं भागणार नाही. तिथे घरही कारखान्याच्याच आवारात. कामगार सुट्टीनंतरही मालकाच्या नजरेच्या टप्प्यात. सगळ्यांना ते मानवलं असेल असं मला वाटत नाही. आपला माणूस पंच करून सुटतो आणि धावत बदलापूर गाडी पकडतो. कंपनीच्या सहली आणि वाढदिवसाचे केक त्याला बांधून ठेवत नाहीत. आपल्याला त्याचे आठ तास मिळतात, तेही कामाचे. तेव्हा संस्कृती त्या कामातच शोधायला हवी.

डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्यात मी मुलाखतींना बसलो होतो. एओसीपी, म्हणजे रासायनिक प्लांट चालवण्याच्या ट्रेडचा आयटीआय झालेला एक मुलगा, टिटवाळ्याचा. तिथल्या प्लांट इनचार्जने एक चांगली गोष्ट केली. आदल्या रात्रपाळीचं लॉगबुक मुलापुढे ठेवलं आणि विचारलं, 'ही पाळी तू घेणार आहेस. जाणाऱ्याला काय विचारशील?' मुलाने पान निरखलं. म्हणाला, 'सर, दोन ते पाचच्या चारही नोंदी एकाच बैठकीत लिहिल्यात. अक्षर एकसारखं, आकडाही तोच. मी आधी गेजवर जाऊन बघेन.' इनचार्ज खूश. पॅनेलवरच्या दुसऱ्या साहेबांनी मात्र शेरा लिहिला: हुशार, पण कल्चर फिट नाही. एका अर्थी साहेबांचं बरोबरच होतं! ज्या खात्यात नोंदी पहाटे एकत्र भरतात, तिथे हा मुलगा खटकणारच.

26 मे 2016 आणि 23 मे 2024, या दोन तारखा डोंबिवलीकरांना सांगाव्या लागत नाहीत. दोन्ही वेळा इथल्या रसायन कारखान्यांत स्फोट झाले, माणसं मेली, आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. त्या कारखान्यांची चौकशी करायला मी इथे उभा नाही. पण या वसाहतीत शेजारी राहणाऱ्यांच्या जिवाशी गाठ आहे, आणि इथे 'जुळवून घेणारा' माणूस शोधताना आपण नेमकं कशाशी जुळवून घ्यायला सांगतो, हे स्वतःला विचारलं पाहिजे.

आणि मुलाखत होते ती फक्त कायम नोकरीत येणाऱ्यांची. व्हॉल्व्हवर हात असलेला माणूस बहुतेक वेळा ठेकेदाराचा. त्याला कोणी काही विचारत नाही. सकाळी गेटवर आधार कार्ड दाखवतो, पास घेतो, आणि आत. आपण अकाउंट्सच्या मुलीला घरी कोण कोण असतं ते विचारत बसतो आणि ड्रम हलवणाऱ्याला ड्रमवरची सूचना वाचता येते का, हे बघत नाही.

1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत आपल्या ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये उभी राहिली. नव्या गोष्टी आधी करून बघण्याची या पट्ट्याला सवय आहे, म्हणून दुपारच्या खुल्या सत्रासाठी दोन मागण्या ठेवतो. पहिली, मुलाखतीच्या पॅनेलवर संबंधित पाळीचा सुपरवायझर आणि खात्यातला एक जुना कामगार असावा, आणि उमेदवाराला नाकारताना 'कल्चर फिट नाही' असा शेरा चालणार नाही. कामातली कोणती सवय खटकली ते लिहावं लागेल. दुसरी, ठेकेदाराच्या माणसाने आत पाऊल टाकण्याआधी त्याच्याशी, त्याच्या भाषेत, निदान दहा मिनिटं बोलावं. काही थांबवावंसं वाटलं तर कोणाला हाक मारायची, त्या माणसाचं नाव त्याला तिथेच सांगावं. ज्यांना हे जमणार नाही असं वाटतं, त्यांनी सत्रात उठून कारणं मांडावीत. मी शेवटपर्यंत बसणार आहे.