मृत्युपत्र फिरवायचे असेल तर

मी पिकांचा माणूस; पण परवा शिवारफेरीत एका आजोबांनी विचारले, "नोंदवलेले मृत्युपत्र रद्द करता येते का?" येते. बुद्धी शाबूत असेपर्यंत केव्हाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५, कलम ७०. नवे मृत्युपत्र करा, 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द' असे त्यात स्पष्ट लिहा, दोन साक्षीदारांसमक्ष सही करा आणि तुमच्यासमोर त्यांच्या सह्या घ्या. नव्याची नोंदणी सक्तीची नाही. तरी करावी, पुढची भाऊबंदकी आवरते. रद्द करण्याच्या हेतूने मूळ कागद स्वतः फाडला वा जाळला तरी चालते. झेरॉक्स फाडून भागत नाही. आजोबांनी एका ओळीवर नुसती काट मारली होती. स्वतःची आणि साक्षीदारांची सही नसलेली ती काट कलम ७१ प्रमाणे निरुपयोगी. विहिरीकाठचे दोन एकर अजून धाकट्याच्याच वाट्याला लिहिलेले आहेत.