हरितगृह आणि वारा



ज्या गृहस्थाची गावाच्या कडेला चार-सहा गुंठे जागा आहे, घरापुरता भाजीपाला स्वतःच्या हाताने पिकवावा अशी ज्याची मनापासून इच्छा आहे, आणि श्रावणातल्या झडीने टोमॅटोचा वाफा करप्याने काळवंडताना किंवा वैशाखातल्या उन्हाने काकडीचे वेल माना टाकताना ज्याने पाहिले आहेत, त्याच्या मनात आज ना उद्या हरितगृहाचा विचार येतोच. अशा गृहस्थाने ८ मीटर रुंद आणि २० मीटर लांब, म्हणजे दीड गुंठ्याहून किंचित अधिक जागा व्यापणारे, घरगुती मानाने मोठेच म्हणावे असे हरितगृह निवडावे कसे आणि उभारावे कसे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. माझे मत आरंभीच सांगून टाकतो. आपल्या मुलखात हरितगृहाकडून पाऊस अडविणे, ऊन चाळणे आणि वाऱ्याला वाट देणे ही तीन कामे करून घ्यावयाची असतात, आणि त्यांपैकी तिसरे ज्याला साधले नाही त्याची पहिली दोन व्यर्थ जातात.

ही वास्तू मुळात थंडीच्या धास्तीतून जन्मली. रोमन बादशहा टायबेरियस याच्या ताटात रोज काकडी असावी म्हणून चाकांवर बसविलेले वाफे उन्हात ढकलीत आणि थंडीच्या दिवसांत पारदर्शक दगडाच्या तावदानांखाली घेत, असे प्लिनीने नमूद केले आहे. पुढे लोखंड आणि काच यांचे कसब वाढले, आणि लंडनजवळ क्यू येथील ताडगृह १८४४ ते १८४८ या काळात उभे राहिले. जोसेफ पॅक्सटन या बागवानाने तर काचगृहे बांधण्याच्या अनुभवावरच १८५१ सालच्या प्रदर्शनाचा स्फटिकप्रासाद रचला. बंगळुरास लालबागेत १८८९ साली ज्याची कोनशिला बसली ते काचगृह याच परंपरेतले. परंतु विचार करण्याजोगी गोष्ट अशी की क्यूच्या ताडगृहात, इंग्लंडच्या त्या मवाळ सूर्याखालीसुद्धा, पाने भाजू नयेत म्हणून हिरवट छटेची काच मुद्दाम बसविली होती. जेथे तेथील बागवानाला उन्हाची भीती वाटली, तेथे पुण्या-नगरच्या, जालना-परभणीच्या उन्हात नुसत्या पारदर्शक छपराखाली रोप लावणाऱ्याने किती सावध असावे!

काचेखाली उष्णता का साठते, याविषयीची एक समजूत दीर्घकाळ रूढ होती. प्रकाश आत येतो आणि उष्णतेचे किरण काच बाहेर जाऊ देत नाही, एवढेच त्याचे कारण मानले जाई. अमेरिकन पदार्थविज्ञ आर. डब्ल्यू. वुड यांनी १९०९ साली दोन लहान पेट्या घेतल्या, एकीवर काच आणि दुसरीवर उष्णतेचे किरण सहज जाऊ देणारा सैंधवाचा पातळ तुकडा बसविला, आणि दोहोंचे तपमान जवळजवळ सारखेच चढते असे दाखविले. तात्पर्य असे की आत तापलेली हवा वर निघून जाऊ शकत नाही, हेच घर तापण्याचे मुख्य कारण होय. हा छोटासा प्रयोग आपल्या दृष्टीने फार मोलाचा आहे, कारण थंड देशातल्या माळ्याने जी हवा कोंडावी ती आपण सोडावी, एवढ्या एका सूत्रातून हरितगृहाची उंची, दिशा, झरोके, जाळी हे सर्व आपोआप ठरत जाते.

म्हणूनच मोठे हरितगृह निवडताना मोठेपणा जमिनीवर न मोजता उभा मोजावा. लहान, ठेंगणे घर सकाळी दहा वाजताच तापते आणि सूर्य ढळताच निवते. त्यातील हवेचा साठाच थोडा असल्याने प्रत्येक ढगाचा आणि प्रत्येक झुळकीचा रोपांना धक्का बसतो. पन्हळीपाशी ४ मीटर आणि माथ्याशी ६ ते ६.५ मीटर उंची दिली, तर तापलेला थर रोपांच्या डोक्यावरून कितीतरी वर राहतो आणि माथ्याच्या झरोक्यातून निघून जाताना बाजूंनी गार हवा आत ओढून घेतो. हा प्रवाह उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे उंची चौपट केल्यास तो दुप्पट होतो. हे काम विजेवाचून आणि फुकट होत असते, आणि ज्या गावी भर दुपारी वीज जाते तेथे त्याची किंमत वेगळी सांगावयास नको. पंखे आणि ओल्या पॅडची योजना मी निषिद्ध मानत नाही. देशावर चैत्र-वैशाखात हवा कोरडी असते तेव्हा पाण्याच्या बाष्पीभवनाने तपमान खरोखरच बरेच उतरते. कोकणात मात्र हवाच बाष्पाने भरलेली असल्यामुळे तीच यंत्रणा वीज खाते आणि दमटपणा तेवढा वाढविते. विकत घेणाऱ्याने आपली रक्कम प्रथम उंचीवर आणि झरोक्यांवर खर्चावी आणि उरल्यास यंत्राचा विचार करावा, असे मी आग्रहाने सांगतो.

आणि यंत्रावाचून हवा सांभाळण्याची ही दृष्टी आपल्याला परकी नाही. आपल्याकडचे पानमळेवाले शेवरी, शेवगा, पांगारा यांच्या आधाराने आणि सावलीत नागवेल चढवितात, कडेने वारा अडविणारी दाट झाडे लावतात, पाण्याचा पाट सतत खेळता ठेवतात. बंगालकडे तर बांबू आणि गवताच्या छपराखाली सबंध मळाच झाकून घेतात. एका कोमल वेलीसाठी ऊन, वारा आणि ओलावा यांचा मेळ लोखंडाचा एक तुकडाही न वापरता घालणाऱ्या या शेतकऱ्यांची विद्या फार थोर आहे. हरितगृह उभारू इच्छिणाऱ्याने कंपनीचे माहितीपत्रक उघडण्यापूर्वी एखादा जुना पानमळा जाऊन पाहावा.

आता जागा आणि दिशा. घराची, झाडांची किंवा शेजाऱ्याच्या भिंतीची सावली दुपारपूर्वी पडत नाही, पावसाचे पाणी साचत नाही आणि विहीर किंवा टाकी फार दूर नाही, अशी जागा धरावी; बांधकामाची परवानगी लागते की काय याची चौकशी ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या दप्तरी आधीच करून लेखी दाखला घ्यावा. पन्हळ आणि माथा उत्तर-दक्षिण ठेवावा, म्हणजे सांगाड्याची सावली दिवसभर सरकत राहते आणि एकाच वाफ्यावर बसत नाही. माथ्याचा झरोका पूर्वेकडे उघडणारा असावा, कारण नैर्ऋत्य मोसमी पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. क्वचित पूर्वेकडून येणारा वळीव थोडे पाणी आत टाकील, तेवढे सोसावे. झरोके आणि बाजूचे पडदे मिळून उघडा भाग जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान चौथ्या हिश्श्याइतका असलाच पाहिजे, आणि जाळी लावावयाची असेल तर याहून बराच अधिक, कारण जाळी किडीबरोबर वाराही अडविते. इंचाला ४० छिद्रांची जाळी पांढऱ्या माशीला रोखते, फुलकिड्यांना पुरती रोखत नाही. परंतु त्यांच्यासाठी अधिक बारीक जाळी लावून घर गुदमरविण्यापेक्षा ४० चीच जाळी ठेवावी, दोन दारांची देवडी करावी आणि आत निळे-पिवळे चिकट सापळे टांगावेत, हे मला घरगुती लागवडीत अधिक शहाणपणाचे वाटते.

पाया हा विषय कंटाळवाणा वाटतो, पण सर्वांत अधिक नुकसान येथील कुचराईनेच होते. हरितगृहाला वजन जवळजवळ नाही. त्याला खाली दबण्याची भीती नसून वर उचलले जाण्याची आहे. गोलसर छपरावरून वारा वेगाने गेला की वरून ओढ लागते, आणि त्याच वेळी उघड्या पडद्यातून तो आत शिरला की खालून ढकल बसते. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला लागलेले निसर्ग वादळ सह्याद्री चढून मावळात आले, तेव्हा तेथील फुलशेतीच्या हरितगृहांची जी वाताहत झाली ती ज्यांना आठवते त्यांना हे अधिक सांगावयास नको. पायाचे जस्तलेपित नळ पाऊण मीटर खोल काँक्रीटमध्ये घट्ट बसवावेत. काळी जमीन असेल तर ती भिजून फुगते आणि सुकून भेगाळते, म्हणून मुरूम लागेपर्यंत खड्डा न्यावा. वादळाची सूचना येताच पडदे बंद करावेत.

छपरासाठी काच, पॉलिकार्बोनेट आणि पॉलिथिनची फिल्म असे तीन पर्याय समोर येतात. १९४८ साली अमेरिकेत केंटकी विद्यापीठाच्या एमरी एमर्ट यांनी काचेऐवजी प्लॅस्टिक वापरून दाखविले आणि मध्यमवर्गाला हे दार उघडले. अतिनील किरणांना टिकणारी २०० मायक्रॉनची, प्रकाश विखुरणारी फिल्म घ्यावी. ती तीन ते पाच वर्षे चालते. काच गारपिटीच्या मुलखात आणि मुलाबाळांच्या घरात मी सुचविणार नाही, आणि डोंगरालगत जेथे वानरांची टोळी छपरावर उतरते तेथे पॉलिकार्बोनेटचा जादा खर्च सोसावा. फिल्म वारा पडलेल्या सकाळी ताणावी. ढिली फिल्म फडफडते आणि जेथे नळाला घासते तेथेच प्रथम फाटते. आतून ५० टक्के सावलीचे, सरकते शेडनेट असावे, पण ते उन्हाळ्यातच ओढावे. श्रावणात सूर्य आधीच दुर्मिळ असतो.

पाण्याचा हिशोब उत्साहवर्धक आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पुण्यासारख्या ठिकाणी वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर आपल्या १६० चौरस मीटर छपरावर १ लाख १२ हजार लिटर पाणी पडते. भर उन्हाळ्याखेरीज पिकाला चौरस मीटरमागे दिवसाला तीन लिटर धरल्यास रोजची गरज ४८० लिटर, म्हणजे २० हजार लिटरची टाकी चाळीस दिवस पुरते. हे पाणी क्षारहीन असल्यामुळे ठिबकची छिद्रे बुजत नाहीत, आणि विहिरीचे पाणी ज्यांचे जड आहे त्यांना तर ते वरदानच आहे. पन्हळीला उतार आणि टाकीच्या तोंडाला गाळणी, एवढी तरतूद उभारणीच्या वेळीच करून घ्यावी.

मातीविषयी थोडक्यात. निचऱ्याची तांबडी माती, चांगले कुजलेले शेणखत आणि भाताचे तूस मिसळून सुमारे ९० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच गादीवाफे करावेत. छपराखाली पाऊस पडत नसल्याने क्षार धुऊन जात नाहीत आणि सूत्रकृमी फार लवकर ठाण मांडतात. म्हणून दरवर्षी एप्रिल-मेमध्ये वाफे रिकामे करून, भिजवून, पारदर्शक प्लॅस्टिकने चार-सहा आठवडे घट्ट झाकावेत, म्हणजे सूर्यच माती निर्जंतुक करतो. घरच्या खाण्याच्या भाजीत याहून तीव्र उपाय मला मान्य नाहीत.

पिकांच्या निवडीत एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही, ती ही की जाळीने मधमाशीही अडते. काकडीचे परागीभवनावाचून फळ धरणारे वाण मिळतात, तेच लावावेत. टोमॅटोचे फूल स्वतःच फलते, परंतु पराग झडण्यासाठी त्याला हालचाल लागते. बाहेर ती वारा देतो, आत आपण द्यावी. दिवस चढून दव सुकल्यावर, साधारण दहा-अकराच्या सुमारास, फुलोरा बांधलेल्या सुतळ्यांना एक दिवसाआड हलकासा झटका दिला की पुरते. दिवसाचे तपमान ३५ अंशांपलीकडे गेल्यास मात्र पराग निकामी होतो आणि कितीही झटके दिले तरी फूल गळते. म्हणून टोमॅटोची लागण ऑगस्ट-सप्टेंबरात करून हंगाम मार्चअखेर आटोपावा, आणि उन्हाळ्यात घर मातीच्या उपचारासाठी मोकळे ठेवावे.