आमच्या आश्रयदात्याची वाणी



आमचे आश्रयदाते संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले. ते धर्मगुरू नव्हते. फ्रान्सिस्कन संघाचे साधे बंधू होते. जी जपानी भाषा व्यापारात त्यांच्या कामी आली, तीच त्यांनी प्रभूच्या चरणी वाहिली. १५९३ साली धर्मबंधूंचे दुभाषी होऊन ते जपानास परतले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २५ सोबत्यांसह क्रुसावर प्राण अर्पिते झाले.

आम्ही त्यांची प्रार्थना मोठ्या भक्तीने म्हणतो, ते योग्यच. परंतु तीच आमची जीभ बाजारात खोटे बोलते, बांधाच्या वादापायी सख्ख्या भावाशी अबोला धरिते. या महोत्सवी फुलांसमवेत आपली वाणीही वाहू या. ज्याच्याशी बोलणे सोडिले, त्यास आज मिस्सा आटोपताच आपणच प्रथम हाक मारू या.