फिरस्ता खेळाडू



मराठवाड्यांतील गांवोगांवीं पूर्वी घिसाड्यांचीं बिऱ्हाडें येऊन उतरत. झाडाखालीं भाता रोवावा, विळे-कोयते पाजवून द्यावेत, चार दिवस राहावें आणि पुढच्या गांवाची वाट धरावी, असा त्यांचा क्रम. गांवचा लोहार वतनदार. त्याचें बलुतें ठरलेलें. घिसाड्याचें वतन त्याच्या हातांत. फुटबॉलच्या जगांतही असेच दोन वर्ग आहेत. कांहीं खेळाडू एकाच संघाचे वतनदार होतात. त्यांचीं नांवें शाळकरी मुलांच्या तोंडीं असतात. दुसरे दर एक-दोन हंगामांनीं बिऱ्हाड पाठीवर घेऊन नव्या शहराकडे निघतात. आजच्या भाषणाचा नायक आवेर माबिल हा या दुसऱ्या वर्गांतला. आणि त्याचा जन्मच मुळीं निर्वासितांच्या छावणींत झालेला आहे.

निर्वासित या शब्दाचा अर्थ हदगांवकडील लोकांना समजावून सांगावा लागत नाहीं. १९४७-४८ सालीं निजामाच्या राज्यांत रझाकारांचा धुमाकूळ चालला असतां या भागांतील कित्येक कुटुंबांनीं पैनगंगा ओलांडली आणि वऱ्हाडांत, उमरखेडच्या बाजूस, आसरा घेतला. दाराला कडी घालावी, म्हातारीं माणसें गाडींत बसवावीं आणि निघावें. मागें काय उरेल याचा हिशेब करण्यास सवड नव्हती. परंतु १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारताच्या फौजा संस्थानांत शिरल्या, १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली, आणि हळूहळू पुष्कळ मंडळी आपापल्या उंबऱ्याशीं परतली. मध्यें एक नदी होती, आणि पलीकडच्या तीरावर बोलली जाणारी भाषा आपलीच होती.

आफ्रिकेंतील केनिया देशाच्या वायव्य कोपऱ्यांत, तुर्काना नांवाच्या रखरखीत मुलखांत काकुमा म्हणून छावणी आहे, तिची गोष्ट निराळी. सुदानांत १९८३ सालीं पेटलेली यादवी २००५ पर्यंत धुमसत होती. त्या युद्धामुळें आईबापांची ताटातूट झालेलीं हजारों मुलें शेंकडों कोस पायीं चालत केनियांत आलीं, आणि त्यांच्यासाठीं १९९२ सालीं ही छावणी उभी राहिली. ती तात्पुरती होती. आज तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी ती उठलेली नाहीं. उलट दोन लाखांहून अधिक माणसें तेथें राहतात. छावणींत जन्मलेल्या मुलांना आतां तेथेंच मुलें झालीं आहेत.

माबिलचे आईबाप दक्षिण सुदानकडचे. १५ सप्टेंबर १९९५ रोजीं काकुमा येथें त्याचा जन्म झाला. घर म्हणजे मातीची एक खोपटी. संयुक्त राष्ट्रांकडून महिन्याचा शिधा माणशीं मोजून मिळे, आणि तो महिनाभर पुरवावयाचा म्हटल्यावर दिवसांतून एकदां, रात्रीं, चूल पेटे. मग दिवसा पोरांनीं करावें काय? तीं फुटबॉल खेळत. चेंडू अर्थात् विकतचा नव्हे. फाटके मोजे, चिंध्या, प्लास्टिकच्या पिशव्या यांचा गोळा करून वरून सुतळी आवळावयाची. आपल्याकडील मुलांनाही हा चिंध्यांचा चेंडू ठाऊक आहे. तो नीट उसळत नाहीं, म्हणून पायाजवळ राखावा लागतो. माबिल पांच वर्षांचा असल्यापासून अनवाणी असाच खेळत आला. खेळत असतांना भुकेचा विसर पडे, असें त्यानें पुढें सांगितलें आहे. खेळाचे गुण वर्णन करणाऱ्या आपल्या पाठ्यपुस्तकांत शिस्त, चपळाई, संघवृत्ति असे पुष्कळ गुण सांगितलेले असतात. हा गुण मात्र कोठें सांगितलेला आढळत नाहीं.

२००६ सालीं, वयाच्या दहाव्या वर्षीं, तो आई व भावंडांसह ऑस्ट्रेलियांतील ॲडलेड शहरीं गेला. आश्रय मिळाला, शाळा मिळाली, पोटभर अन्न मिळालें. त्याबरोबर कातडीच्या रंगावरून अपशब्दही ऐकावे लागले. आसरा देणाऱ्या देशांत सगळींच माणसें सारख्या मनाचीं नसतात. इंग्रजी भाषा अडखळत होती, परंतु चेंडू पायाशीं आला म्हणजे दुभाष्याची गरज उरत नसे. मैदानाच्या कडेनें वेगानें चेंडू घेऊन जाणारा खेळाडू, ज्याला विंगर म्हणतात, ती जागा त्याच्या पायांना मानवली. सतराव्या वर्षीं, जानेवारी २०१३ मध्यें, तो ॲडलेड युनायटेड या व्यवसायी संघाकडून मैदानावर उतरला. दोन वर्षांनीं डेन्मार्कमधील मिडयुलांड या क्लबानें त्याच्याशीं करार केला, आणि भ्रमंतीला सुरुवात झाली.

येथें युरोपांतील एका रिवाजाचा थोडा खुलासा केला पाहिजे. एखाद्या संघाकडे खेळाडू आहे, पण त्याला खेळविण्यास जागा नाहीं, अशा वेळीं तो दुसऱ्या संघास हंगामापुरता उसना दिला जातो. आपले शेतकरी सावडीनें बैल देतात-घेतात, तसाच प्रकार. फरक इतकाच कीं येथें बैलालाही आपल्या पुढच्या सालाची काळजी असते. अशा रीतीनें माबिल प्रथम डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरील एस्बियर्ग या बंदरीं गेला, मग पोर्तुगालमध्यें, लांकडी सामानाच्या धंद्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या पासुश द फरेरा या गांवीं. परत आल्यावर त्याचें मूळ संघांत बस्तान बसलें. त्या संघानें २०१९ सालीं डेन्मार्कचा चषक व २०२० सालीं तेथील साखळी स्पर्धा जिंकली, आणि युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्यें लिव्हरपूल, आयाक्स, अटलांटा अशा बड्या संघांच्या गटांत त्याला स्थान मिळालें. एखाद्यानें येथेंच वतन केलें असतें. परंतु २०२२ च्या आरंभीं तो पुन्हां उसना म्हणून इस्तंबूलच्या कासिमपाशा संघाकडे गेला, आणि त्याच उन्हाळ्यांत स्पेनमधील काडिझ या क्लबाशीं त्यानें नवा करार केला.

अशा खेळाडूस टीकाकार सहसा कमी लेखतात. कोणत्याच संघानें त्याला जवळ ठेवलें नाहीं, तेव्हां त्याच्यांत कांहीं उणें असलेंच पाहिजे, असा त्यांचा तर्क. तो अगदींच खोटा नाहीं. माबिल हा पहिल्या प्रतीचा तारा नव्हे. त्याच्या नांवावर गोलांची रास नाहीं. पण दर हंगामास नवी भाषा, नवा शिक्षक, नवे सोबती, आणि पहिल्याच सरावांत आपली लायकी पुन्हां शून्यापासून सिद्ध करावयाची, हें काम ताऱ्यांना करावें लागत नाहीं. जगांतील व्यवसायी फुटबॉल अशाच माणसांच्या पायांवर उभा आहे. त्यांच्यावांचून ताऱ्यांना सामने खेळावयास संघ तरी कोठून मिळावेत?

देशाच्या संघांतला त्याचा प्रवेश १५ ऑक्टोबर २०१८ रोजीं कुवेत येथें झाला. ऑस्ट्रेलियानें तो सामना ४-० असा जिंकला. त्यांत एक गोल माबिलचा. त्याच दिवशीं टॉमस डेंग यानेंही ऑस्ट्रेलियाकडून पहिला सामना खेळला. तोही केनियांत जन्मलेला, दक्षिण सुदानी घराण्यांतला, आणि ॲडलेडमधला माबिलचा लहानपणचा मित्र. पुढील जानेवारींत आशिया चषकाच्या स्पर्धेंत माबिलनें पॅलेस्टाइन व सीरिया यांच्याविरुद्ध गोल केले. ऑस्ट्रेलियाचा संघ त्या स्पर्धेंतून बाद झाला, आणि लागलीच घरून बातमी आली कीं त्याची एकोणीस वर्षांची बहीण मोटार-अपघातांत गेली. छावणींतल्या एका खोपटींत वाढलेलीं हीं भावंडें. याहून अधिक त्याविषयीं बोलणें बरें नव्हे.

१३ जून २०२२. विश्वचषकांतील जागेसाठीं ऑस्ट्रेलिया व पेरू यांचा निकालाचा सामना कतारमध्यें होता. दोन तास खेळ होऊनही एकही गोल झाला नाहीं. शेवटच्या क्षणीं ऑस्ट्रेलियाच्या शिक्षकांनीं कर्णधार व गोलरक्षक रायन यालाच बाहेर बोलावून रेडमेन या दुसऱ्या गोलरक्षकास आंत धाडलें. मग पेनल्टीचे फटके सुरू झाले. ऑस्ट्रेलियाचा पहिलाच फटका अडविला गेला. पेरूचा एक फटका खांबावर आदळला. पांच-पांच फटक्यांअंतीं ४-४ अशी बरोबरी. सहाव्या फटक्यासाठीं माबिल पुढें आला. येथें चूक झाली तर समोरच्याच्या एका फटक्यानें चार वर्षांचे श्रम संपणार. गोलापासून बारा यार्ड अंतर. पण मैदानाच्या मध्यापासून तेथवर एकट्यानें चालत जावें लागतें, आणि तें अंतर फार मोठें असतें. माबिलनें चेंडू जाळ्यांत धाडला. गोलरेषेवर हातवारे करीत नाचणाऱ्या रेडमेननें पेरूचा पुढचा फटका अडविला, आणि ऑस्ट्रेलिया विश्वचषकास पात्र झाला. आपल्या कुटुंबाच्या वतीनें ऑस्ट्रेलियाचे आभार मानण्याची ही रीत होती, असा माबिलच्या त्यानंतरच्या बोलण्याचा आशय होता.

हिंदुस्थानी श्रोत्यांस येथें जर्नेलसिंगाची आठवण होईल. लायलपुरांत १९३६ सालीं जन्मलेला हा पंजाबी मुलगा फाळणींत वयाच्या अकराव्या वर्षीं घरदार सोडून भारतांत आला. १९६२ सालीं जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेंत डोक्याला टाके पडले असतां शिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनीं त्याला बचावाच्या फळींतून काढून आघाडीवर खेळविलें, आणि अंतिम सामन्यांत दक्षिण कोरियाविरुद्ध त्यानें गोल केला. भारतानें २-१ असा विजय मिळविला. ज्या हैदराबाद संस्थानांत हदगांव मोडत असे, त्याच हैदराबादचे हे रहीम, पेशानें शाळामास्तर. फरक असा, कीं जर्नेलसिंग कलकत्त्यास मोहन बागानमध्यें वर्षानुवर्षें रुजला. घर गमावलेला माणूस कधीं नव्या मातींत घट्ट मूळ धरतो, कधीं चालतच राहतो. दोहोंचें मोल एकाच मापानें कसें करावें?

माबिल चालत राहिला, तरी काकुमाची वाट तो विसरला नाहीं. व्यवसायाचीं पहिलीं पावलें टाकीत असतांनाच, २०१४ च्या सुमारास, तो बूट व खेळाचे कपडे घेऊन छावणींत परत गेला होता. त्यांतून त्यानें व त्याच्या भावानें 'बेअरफूट टु बूट्स' म्हणजे 'अनवाणी पायांपासून बुटांपर्यंत' या नांवाची संस्था चालविली. आरंभ बुटांनीं झाला; पुढें छावणीच्या रुग्णालयासाठीं खाटा, अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना ऊब देणाऱ्या पेट्या आणि मुलींच्या गरजेच्या वस्तूही जाऊं लागल्या. खेळानें निर्वासितांचा प्रश्न सुटेल असें मानणें भाबडेपणाचें आहे. दोन लाखांच्या वस्तींतून किती जण युरोपच्या मैदानावर पोहोंचणार? पण अर्भकाच्या पेटीला फुटबॉल खेळतां यावा लागत नाहीं. २०२३ सालीं ऑस्ट्रेलियानें त्याला वर्षांतील श्रेष्ठ तरुण नागरिकाचा मान दिला.

त्या मानानें त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न मात्र सुटला नाहीं. काडिझ येथें त्याला फारसें खेळावयास मिळालें नाहीं. २०२३ च्या आरंभीं तो उसना म्हणून स्पार्टा प्राग संघाकडे गेला. त्या संघानें त्याच हंगामांत चेक साखळी जिंकली. नंतर झुरिकच्या ग्रासहॉपर संघांत एक हंगाम. ग्रासहॉपर म्हणजे नाकतोडा. या फिरस्त्याला शोभण्यासारखेंच नांव. २०२४ सालीं तो पुन्हां स्पेनमध्यें आला, भूमध्य समुद्राकांठच्या संत्र्यांच्या बागांच्या मुलखांत, कास्तेयोन या शहरीं. तेथील क्लब नुकताच तिसऱ्या श्रेणींतून दुसऱ्या श्रेणींत चढला होता. माबिलचा हा नववा संघ.